आतल्या बाजूचं पॉलिश

ताराराणी चौकातून स्टेशनकडं जाताना डाव्या हाताला एका बियाणं कंपनीची नवी काचेची कचेरी लागते. तिच्या दारात स्टीलच्या दोन भल्यामोठ्या, माणसाच्या डोक्यावरून वर जाणाऱ्या तबकड्या एकमेकींकडं तोंड करून उभ्या आहेत. हे शिल्प आहे, असं तिथली पाटी सांगते. पाटी वाचायला थांबतो कोण? कोल्हापूरकराला एखादी वस्तू काय आहे ते कळलं नाही, तर तो विचारत बसत नाही, स्वतःच तिला नाव देऊन मोकळा होतो. रिक्षावाल्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना ‘सुपं’ म्हणायला सुरुवात केली, आणि आता ‘सुपांपाशी थांबवा’ म्हटलं की रिक्षा बरोबर तिथं थांबते.

ही सुपं आतून चकाकतात आणि बाहेरून मळकट दिसतात. जाणारे-येणारे म्हणतात, कंत्राटदारानं एका बाजूचं पॉलिश खाल्लं असणार. तसं काही नाही. त्यामागं उचगावचा आकाराम चौगुले नावाचा माणूस आहे, आणि त्याची एक चूक आहे. चूक एवढी मोठी की ती झाकणं कुणाला जमलं नाही, म्हणून शेवटी ती रस्त्यावर उभी केली.

आकाराम चौतीस वर्षं शिरोली एमआयडीसीत तवनाप्पा अण्णांच्या कारखान्यात कामाला होता. तिथं दुधाच्या टाक्या बनतात. आकारामाचं काम पॉलिशचं, कारखान्याच्या भाषेत बफिंगचं. टाकी जोडून झाली की वरच्या, माणूस जेमतेम मावेल एवढ्या भोकातून तो आत उतरायचा. सोबत एक दिवा, ग्राइंडर, नाकावर फडकं आणि कानात कापसाचे बोळे. मग दहा-बारा दिवस त्या पोलादी पोटात बसून तो भिंती घासायचा. आधी जाड पॉलिश पेपरनं, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी कापडी चाकाला पॉलिशची हिरवी वडी लावून. टाकी आतून आरशासारखी लागते. नखाएवढा ओरखडा राहिला तरी त्यात दूध धरून बसतं आणि उद्याचं सगळं दूध नासवतं. बाहेरून टाकी कशी का दिसेना, तिच्यावर दुसरा पत्रा चढतोच. खरी बाजू आतली, हे आकारामाच्या हातात इतकं मुरलं होतं की घरी तानाबाईनं पातेलं घासायला दिलं तर तो ते आतून लखलखीत करून काळ्या बुडासकट परत द्यायचा.

काम झालं की नाही, हे ठरवायची त्याची स्वतःची एक रीत होती. शेवटच्या दिवशी तो घरून लहान बाटलीत दूध न्यायचा आणि टाकीच्या भिंतीवर वरून ओतायचा. धार सरसर खाली गेली आणि मागं एकही थेंब उरला नाही, म्हणजे काम पुरं. थेंब राहिला तर पुन्हा कापसाचे बोळे कानात. मग टाकी धुऊन झाकण बसायचं, टाकी ट्रकवर चढायची आणि कुठल्या तरी गावी निघून जायची. आकारामानं केलेला सगळा लखलखाट कायमचा अंधारात बंद व्हायचा. जिल्ह्यातल्या किती घरांच्या चहात त्याची मेहनत उतरली असेल कुणास ठाऊक, पण ती डोळ्यांनी बघितलेला माणूस शोधून सापडला नसता.

लग्न नवीन होतं तेव्हा तानाबाईनं एकदा विचारलं, “रोज काळं त्वांड करून येतासा, पर करतासा काय नेमकं?” आकारामाला इतकं बरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला शिरोलीला आणलं. चांगली साडी नेसून ती गेटाशी येऊन उभी राहिली. पण तासाभरापूर्वीच टाकीचं झाकण बसलं होतं, बोल्ट आवळून झाले होते. तिला दिसली ती ट्रकवर आडवी बांधलेली, मळक्या पत्र्याची, म्हशीच्या पोटासारखी एक वस्तू. ती बघून तानाबाई म्हणाली, “एवढंच व्हय?”

तिच्या मनात काही नव्हतं. पण आकारामाच्या ते असं जिव्हारी लागलं की त्यानं पुन्हा तिला कारखान्यावर बोलावलं नाही, आणि तिनंही पुन्हा कधी विचारलं नाही. टाकी पुरी होत आली की सकाळी दुधाची बाटली तेवढी भरून द्यायची. हे दूध कशाला लागतं, तेही तिनं विचारलं नाही. चहात घालत असतील, असं धरून चालली. तीस वर्षं अशीच गेली.

आता दिवसभर पोलादाच्या पोटात ग्राइंडर चालवल्यावर कान राहतात थोडेच. सुरुवातीच्या काळात ग्राइंडर बंद केला की आकाराम टाकीत बसून हळूच काहीतरी पुटपुटायचा. टाकीच्या गोल भिंती ते उचलायच्या आणि परत आणून त्याच्या कानाशी द्यायच्या. आपलाच आवाज एवढा जवळून ऐकायला त्याला मजा वाटायची. मग हळूहळू पाखरं गेली, फोनची घंटी गेली, लेकीची हाक गेली, आणि बारा वर्षांपूर्वी तानाबाईचा साधा, बोलण्यातला आवाजही गेला. तिचं ओरडणं तेवढं शिल्लक राहिलं.

कारखान्यात त्यानं हे कुणाला कळू दिलं नाही. बहिऱ्या माणसाला मशिनीवर कोण ठेवतं? म्हणून त्यानं एक युक्ती काढली. समोरचा बोलून थांबला की म्हणायचं, ‘व्हय.’ समोरचा हसला की हसायचं. एवढ्या दोन गोष्टींवर माणसाचं निम्मं आयुष्य निभावतं. अडचण यायची ती घरात. तानाबाई त्याच्या ‘व्हय’ला पुरती ओळखून होती, म्हणून ती प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायची.

“जेवलासा?”

“व्हय.”

“कशासंगं?”

याचंही उत्तर ‘व्हय’ आलं की ती कपाळाला हात लावायची आणि आवाज चढवायची. आवाज चढला की उचगावची ती अख्खी गल्ली ऐकायची. चौगुल्यांकडं आज कसली आमटी आहे, आकारामाचं पोट साफ झालं की नाही, जावयानं फोन केला की नाही, सगळं समोरच्या धोंडुबाईला तोंडपाठ. त्यामुळं गल्लीनं ऐकलं तरी चालेल तेवढंच नवरा-बायकोत बोललं जाऊ लागलं. बाकीचं तानाबाई गॅसकडं तोंड करून पुटपुटायची आणि आमटी ढवळत राहायची. भाजी ओरडून सांगता येते. माया कशी सांगणार?

लेक पूर्णिमा इचलकरंजीला दिलेली. तिनं वडलांना कानाचं यंत्र आणून दिलं. आकाराम ते खिशात लपवून कारखान्यात घेऊन गेला, टाकीत उतरल्यावर कानात घालून त्यानं ग्राइंडर चालू केला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. डोक्यात कुणीतरी घण घालतंय असं त्याला झालं. यंत्र डबीत गेलं आणि डबी कपाटात गेली. “घरात तरी घाला की,” तानाबाई ओरडली. “व्हय,” आकाराम म्हणाला.

त्याच्या नोकरीचा शेवटचा महिना-सव्वा महिना राहिला होता, तेव्हा अण्णांची पुतणी आदिती कारखान्यात आली. बडोद्याला शिल्पकला शिकलेली, पुण्यात राहणारी, हुशार मुलगी. बियाणं कंपनीच्या दारातलं हे तिचं पहिलंच मोठं काम. टाकीच्या दोन्ही टोकांना जी फुगीर झाकणं बसतात, त्यांना कारखान्यात डिश म्हणतात. तसल्या आठ-आठ फुटांच्या दोन डिशी तिनं निवडल्या. शिंपल्यासारख्या त्या जवळजवळ मिटवून उभ्या करायच्या, मध्ये बोटभर फट ठेवायची. बाहेरून आरसा, आत नुसता अंधार. रस्ता, रिक्षा, आभाळ, सगळं त्या फुगीर पाठींवर वाकडंतिकडं होऊन फिरत राहील, असं तिच्या मनात होतं.

अण्णांनी आकारामाच्या कानाशी येऊन मोठ्यानं सांगितलं, “तुझं शेवटचं काम हाय बघ. रस्त्यावर हुबं ऱ्हानार. समद्या गावाला दिसंल.”

एवढं मात्र आकारामाला चांगलं ऐकू आलं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं हात धुवायच्या आधी बायकोला सांगितलं, “ह्या बारीला झाकान न्हाय. रस्त्यावरच हाय. तुला दावतो.”

बहिऱ्या माणसाचं सांगणं हळू असतं होय? समोरच्या दारातून धोंडुबाई म्हणाली, “मलाबी दावा की.” चटणी वाटता वाटता तानाबाईनं नुसती मान वर करून त्याच्याकडं बघितलं. आकारामाला ती तीस वर्षांपूर्वी गेटाशी उभी होती तशीच दिसली.

दुसऱ्या दिवशी आदितीनं त्याला शेडमध्ये नेऊन काम समजावलं. शेजारी पत्रा दाबायचा प्रेस चालू होता आणि तिचा आवाज तर शेजारच्या माणसाला ऐकू येईल न येईल इतका मऊ. ती डिशीभोवती फिरत होती, हात हलवत होती, मध्येच आत वाकून काहीतरी सांगत होती. आकाराम तिच्या ओठांकडं बघत उभा राहिला. बोलणं थांबल्यावर तिनं भुवया उंचावल्या.

“व्हय, ताई,” आकाराम म्हणाला.

आदिती निश्चिंत होऊन पुण्याला गेली. फोरमन जोतीराम त्या पंधरवड्यात बिद्रीला साखर कारखान्याच्या कामावर होता. अण्णा वयोमानानं ऑफिसातच बसायचे. मागच्या शेडमध्ये आकाराम, दोन डिशी आणि ग्राइंडर एवढेच उरले. डिश जमिनीवर परातीसारखी ठेवलेली होती. आकाराम तिच्यात उतरला, मांडी घातली आणि आतून घासायला लागला. दुसरं काही करता येईल, हा विचारच त्याच्या मनाला शिवला नाही.

असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. एरवी तो अण्णांसाठी घासायचा, दुधासाठी घासायचा. या वेळी प्रत्येक हात फिरवताना त्याच्या डोळ्यांसमोर तानाबाई होती. कडेला एक बारीक लहर राहिली होती, जी दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला दिसली नसती. तेवढ्यासाठी त्यानं अर्धी डिश पुन्हा पहिल्या कागदापासून सुरू केली. पंधरवडा लोटला. शेवटच्या दिवशी घरून दूध नेलं आणि दोन्ही डिशी भिंतीला टेकवून वरून धार सोडली. एक थेंब मागं राहिला नाही.

आदिती आली तेव्हा तो हात पुसत बाजूला उभा होता. डिशी तोंडं पुढं करून उभ्या होत्या आणि शेडचा अंधार त्यांनी पार पळवून लावला होता. आदिती दारातच थांबली.

“मामा, हे काय केलंत?”

“व्हय.”

“मी बाहेरून म्हणाले होते ना?”

“व्हय.”

“आत हात लावायचा नाही, असं दोनदा सांगितलं होतं मी तुम्हाला.”

“व्हय, ताई,” म्हणून आकाराम लाजून हसला. पोरगी तोंड भरून कौतुक करतेय, असं त्याला वाटलं होतं.

त्याचं ते हसणं बघून बिद्रीहून परतलेल्या जोतीरामाला कसंनुसं झालं. तो आकारामाच्या कानाशी गेला आणि ओरडला, “मामा, भाईरनं पायजे हुतं. भाईरनं.”

आकारामाचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं डिशींकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं बघितलं. त्याला चूक कळली आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आपलं बिंग फुटलं. चौतीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता महिनाअखेरीला जाताना हे.

उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. अण्णा काठी टेकत शेडमध्ये आले. बाहेरून आरसा करायचा तर पुन्हा तेवढेच दिवस लागणार, हे त्यांनाही कळत होतं. शेवटी ते म्हणाले, “आतलं जाड चाकानं मारून मळकं करा. भाईरनं चौघं लावून जमंल तेवढं चकचकीत करा.” मग ते आकारामाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानात एवढ्या मोठ्यानं बोलले की प्रेसवरची माणसं थांबून बघायला लागली.

“तुला ऐकाय येत न्हाय, हे मला धा वरसं म्हायत हाय गा. टाकीत कशाला लागत्यात कान, म्हनून गप बसलोतो. चूक तुझी एकट्याची न्हवं.”

आकारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जपलेलं गुपित ज्याच्यापासून जपलं, त्यानंच ते जपलं होतं. त्यानं फडक्यानं तोंड पुसलं, जाड चाक काढून ग्राइंडरला बसवलं आणि मग हात तसाच धरून उभा राहिला.

“आन्ना, मीच घासतो. माजीच चूक हाय. पर एक दिस द्या. मंडळीला आनून दावतो, मग उद्याच्याला घासतो.”

आदितीनं जोतीरामाकडं बघितलं. गेटाची गोष्ट कारखान्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक होती, ती त्यानं चार वाक्यांत सांगितली. झाकण, ट्रक, ‘एवढंच व्हय’, आणि त्यानंतरची तीस वर्षं.

आदिती डिशीसमोर जाऊन उभी राहिली. डिशीत तिचं रूप उलटं पडलं होतं, डोकं खाली आणि पाय वर. ती एक पाऊल पुढं गेली, मग आणखी एक. जवळ जाताच रूप एकदम सुलटं झालं आणि तिच्याहून दुप्पट मोठं होऊन समोर आलं. ती मागं सरली, पुन्हा पुढं गेली. असं तिनं किती वेळा केलं कुणास ठाऊक. आकाराम ग्राइंडर हातात धरून बघत होता. पोरगी ओरखडे शोधतेय, असं त्याला वाटलं, आणि मनातल्या मनात तो म्हणाला, शोध, सापडायचा नाही.

“काका, या मिटवायच्याच कशाला?” आदिती अण्णांना म्हणाली. “उघडूया. एकमेकींकडं तोंड करून लांब लांब उभ्या करूया. मधून माणूस जाईल.”

“त्याच्या बायकोला दावायचं म्हनून म्हंतीस व्हय?”

“नाही. मी सगळं बाहेरून बघत बसले होते. आत बघितलंच नव्हतं.”

तिनं तिथूनच कंपनीच्या मालकांना फोन लावला. मालक शेतकऱ्याच्या पोटचे, त्यांना शिल्पातलं काही कळत नव्हतं आणि तसं ते कबूलही करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी कसं हुतं? मिटलेलं. आन आता उघडल्यालं. बी उघाडलं तरच उगवतंय की. उघडाच.” पाया नव्यानं घालायला त्यांनी आठ दिवस वाढवून दिले. जोतीरामानं आकारामाच्या हातातला ग्राइंडर काढून घेतला, आणि काय ठरलं ते सांगायला त्याला दोनदा ओरडावं लागलं. पहिल्या वेळी आकारामानं ऐकूनही विश्वास ठेवला नाही.

उद्घाटन झालं. मांडव पडला, भाषणं झाली, कोल्हापुरी फेटे बांधले गेले. आकारामाला निमंत्रण होतं, पण तो गेला नाही. भाषणं ऐकायला येत नाहीत आणि गर्दीत बायकोला काही दाखवता येत नाही. महिना संपला. अण्णांनी त्याला शाल-नारळ दिला, जोतीरामानं त्याचा जुना ग्राइंडर धुऊनपुसून बाजूला ठेवून दिला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी आकाराम बायकोला म्हणाला, “बाटलीत दूध घे.”

“आता कशाला? टाकी कुठाय?”

“व्हय,” आकाराम म्हणाला.

केएमटीच्या बसनं येऊन दोघं ताराराणी चौकात उतरली. रस्ता अजून मोकळा होता. तानाबाईनं तीच जपून ठेवलेली साडी नेसली होती की तसलीच दुसरी, हे आकारामाला नीट आठवेना. लांबून तिला दोन मळकट पाठी दिसल्या आणि ती तशीच चालत राहिली. आकारामानं तिच्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा तेच, असं त्याला वाटलं.

कचेरीच्या दारातल्या वॉचमननं हात वर केला. “पावणं, तिकडं आत जायचं न्हाय. रविवार हाय.”

“व्हय,” म्हणून आकाराम सरळ आत गेला. तानाबाई त्याच्या मागोमाग. व्हय म्हणणारा माणूस आत कसा चाललाय, हे वॉचमनला कळेना, आणि मग दोघांची वयं बघून तो परत खुर्चीत बसला.

दोन सुपांच्या मध्ये येऊन तानाबाई थांबली. सकाळचं ऊन पलीकडच्या इमारतीवरून घसरून डाव्या सुपात पडलं होतं आणि सगळं सूप पेटल्यासारखं झालं होतं. त्यात ती उलटी उभी होती, पदर खाली लोंबायच्या ऐवजी वर गेलेला. “अगं बया, मला उलटी टांगलीया,” ती स्वतःशीच म्हणाली. आकारामानं तिला हातानं ढकलून पुढं नेलं. एका पावलावर ती उलटीची सुलटी झाली आणि एवढी मोठी झाली की तिच्या कपाळावरच्या कुंकवाचा कण न् कण दिसायला लागला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं बोटानं पोलाद चाचपलं.

आकारामानं हातानंच खूण केली, दूध वरून ओत. तानाबाईनं बाटलीकडं बघितलं, सुपाकडं बघितलं, आणि तीस वर्षांचं दूध कुठं जात होतं ते तिला एकदम कळलं.

ती बाटली उघडत होती, तेव्हा आकाराम वळून समोरच्या सुपाकडं गेला. तिथं पाखरानं घाण केलेली त्याला खुपत होती. खिशातला रुमाल काढून तो ते पुसायला लागला. आता दोघांच्या पाठी एकमेकांकडं होत्या, आणि मध्ये वीस-एक फुटांची मोकळी जागा.

तेवढ्यात त्याला कुणीतरी बोललेलं ऐकू आलं.

आधी त्याला वाटलं वॉचमन आला. त्यानं मान वळवून बघितलं तर वॉचमन लांब खुर्चीत होता. त्यानं पुन्हा सुपाकडं तोंड केलं आणि आवाज पुन्हा आला, टाकीत त्याचा स्वतःचा यायचा तसा, अगदी समोरून, पोलादातून. हळू, जरासा जाडसर, वाक्य संपायच्या आधी थोडा अडखळणारा बाईचा आवाज. तो ओळखायला त्याला क्षणभर वेळ लागला. बारा वर्षांत तो त्यानं ऐकलाच नव्हता.

“लई झ्याक केलंसा,” तानाबाई गॅसपुढं पुटपुटायची तशी सुपापुढं पुटपुटत होती. दूध ओतत होती आणि बोलत होती. “थेंब म्हनून ऱ्हायना. त्या डब्याच्या पोटात असला उजेड आसतोय, मला काय ठावं? त्या दिशी गेटावर ‘एवढंच व्हय’ म्हनाले. तुमचं त्वांड उतरल्यालं बघितलंतं मी. तवाच म्हनायचं हुतं, माजं चुकलं म्हनून. ऱ्हाऊन गेलं. आन मग तुमचं कानच गेलं. आता वरडून कसं म्हनू? समदी गल्ली ऐकती.”

आकाराम रुमाल तसाच धरून उभा राहिला. हललो तर आवाज जाईल, अशी त्याला भीती वाटली. डोळे भरून आले होते आणि समोरच्या पोलादात त्याचं स्वतःचं तोंड पाण्यात पडल्यासारखं दिसत होतं. तो काहीतरी म्हणायला गेला. पहिला शब्द पोलादावरून परत येऊन त्याच्याच कानावर आदळला, आणि आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळलं. त्यानं आवाज खाली घेतला.

“ते मी कवाच इसारलोय,” तो म्हणाला. साफ खोटं होतं.

तानाबाईचा हात थांबला. शेतापलीकडल्या माणसाला हाक मारावी तसा बोलणारा तिचा नवरा तिच्या कानाशी येऊन बोलला होता, आणि तो तर मागं, लांब उभा होता. ती वळली नाही. वळलं तर मोडेल, असं तिलाही वाटलं असावं.

“ऐकाय येतंय तुमास्नी?”

“येतंय.”

“समदं?”

“समदं. मधी गल्लीबी न्हाय.”

ती हसली. ते हसणंही त्याला ऐकू आलं. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, सुपांमधून तिची पिवळी रेघ उलटी फिरून नाहीशी झाली.

“आता ग्राइंडर न्हाय काय न्हाय,” तानाबाई हळूच म्हणाली. “कपाटातली ती डबी काढीन म्हंते. पूर्णिमानं दिल्यालं यंत्र लावशीला न्हवं घरात?”

“व्हय,” आकाराम म्हणाला.

तानाबाईनं दुसरा प्रश्न विचारला नाही.